गॅसवरची शेकोटी

"ज्वाळेत नाही गं, ज्वाळेच्या जरा वर. आणि फिरवत राहा, नाहीतर एकीकडून कोळसा आणि एकीकडून कच्चं."

आईचा आवाज इतका जवळून आल्यासारखा वाटला, की गिरिजानं काडी दोन बोटं वर उचलली. काडी निंबाची, आजीनं साल काढून दिलेली. टोकाला पांढरा मार्शमॅलो हळूहळू फुगत होता. पुण्याला रविवारी दुपारी आई हेच करायची. दोन बिस्किटं, मध्ये चॉकलेटचा तुकडा, त्यावर हा वितळता गोळा. ती त्याला गॅसवरची शेकोटी म्हणायची.

आई दिवाळीत गेली. तेव्हापासून गिरिजानं कशालाही आपणहून हात लावला नव्हता. ताटात पडलं तर दोन घास. विचारलं तर हो किंवा नाही. मे महिन्यात बाबांनी तिला आजोळी आणून सोडलं. येताना तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून मार्शमॅलोचं हे पाकीट घेतलं होतं, ते तीन आठवडे पिशवीच्या तळाशी पडून होतं.

आज मात्र ती एकदम म्हणाली होती, "आजी, मी तुला काहीतरी करून घालू?"

आजी सरस्वतीबाई ओसरीवर बायकांच्या पापड संस्थेची पाकिटं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लेबलं चिकटवायचं काम त्यांच्याकडेच असे, आणि एखादं उलटं लागलं तर त्यांना लांबूनही दिसे.

"घाल की," त्या म्हणाल्या.

"शेकोटीवर करत्यात व्हय हे?" शेजारच्या छबुबाईंनी विचारलं. "मग अंगणात पेटवू की."

"आन् समोर चारा छावणीच्या कडब्याची गंज हाय ती?" आजी म्हणाली. " एक ठिणगी उडाली तर साऱ्या गावची जनावरं उपाशी. गॅसवरच करू दे तिला."

पहिले तीन गोळे खरपूस झाले. चौथा काढायला गिरिजानं पाकीट उचललं, आणि कोपऱ्यातल्या चौकटीवर तिची नजर थांबली. तपकिरी ठिपका, मांसाहाराची खूण. खाली बारीक अक्षरांत जिलेटिन. ते कशाचं करतात हे शाळेत शिकवलं होतं. जनावरांच्या हाडांचं, कातड्याचं.

आई मार्शमॅलोचं पाकीट कॅम्पातल्या एकाच दुकानातून आणायची, दोन बस बदलून. आपल्या कोपऱ्यावर मिळतं की, असं गिरिजा दर वेळी म्हणायची. आई नुसती हसायची. त्या पाकिटावर हिरवा ठिपका असायचा, हे गिरिजाला आत्ता आठवलं.

छबुबाईंचं काही नव्हतं, त्यांच्याकडे जत्रेला बोकड पडायचा. पण आजी! पक्की लिंगायत. टँकर आला नाही तर तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायची, पण गळ्यातलं लिंग तळव्यावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालत नसे. अंड्याचा केक कापला त्या घरी ती चहासुद्धा घ्यायची नाही. साठ वर्षांचा नेम.

गिरिजानं उरलेले गोळे वाटीत ओतले आणि पाकीट चुरगळून राखेच्या डब्यात खुपसलं.

"झालं का गं?" आजी दारात, मागे छबुबाई.

"आजी, जळलं हे. तू नको खाऊस."

"जळलं कुठं? भाकरीवानी खरपूस झालंय."

"दाताला चिकटतं."

"दात हायेत कुठं चिकटायला?"

"तुझा सोमवारचा उपास असेल ना आज?"

"सोमवार कालच झाला. छबू, बघ बाई, पोरगी मला द्यायला न्हाई म्हणती. का म्हून गं?"

"पुण्याची माणसं, बाई," छबुबाई म्हणाल्या. "दाखवत्यात लई, देत न्हाईत."

बोलता बोलता त्यांनी स्वतःच एक उचललं. आजीनं दुसरं घेतलं. क्षणभर हातात धरलं, गिरिजाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंडात टाकलं.

"ग्वाड हाय," आजी म्हणाली. "आता तू खा. माझ्या म्होरं बसून खा."

नाही म्हणायची तिची हिंमतच नव्हती. ती खाली बसली. तेवढ्यात छबुबाईंच्या ओठापासून हनुवटीपर्यंत पांढरी तार लोंबली. त्यांनी ती ओढली तर ती बोटाला, बोटाची नाकाला आणि नाकाची पदराला लागली.

"अगं बया, धरलं की मला हेनं!"

गिरिजाला आधी कळलंच नाही, की हा हसण्याचा आवाज आपला आहे. डोळ्यांतून पाणी आलं तरी तो थांबेना. मग तिनं आणखी चार भाजले, आणि चारही संपले.

सकाळी ती उठली तेव्हा आजी कपाळाला विभूती लावून तयार होती. खांद्याला भाकरीचं गाठोडं, हातात काठी.

"कुठं निघालीस?"

"कपिलधारला."

"मी येते. एसटी किती वाजता?"

"एसटीनं न्हाई. पायी."

तिथं स्वामींची समाधी. चार कोस. मे महिन्याचं ऊन. तिथला धबधबा तर गेल्या सालापासून आटलेला.

कुंपणापलीकडून छबुबाई म्हणाल्या, "ह्या वयात पायी म्हंजी कायतरी मोठंच घडलं असनार."

गिरिजानं धावत जाऊन आजीची काठी धरली. तिला हुंदका आवरेना.

"आजी, चूक माझी आहे. त्यात हाडांचं होतं. मला खाण्याआधीच कळलं होतं, तरी मी पाकीट लपवलं. तुझा नेम मोडला मी. काय प्रायश्चित्त असेल ते मला सांग, पण तू चालू नकोस."

आजीनं तिचे डोळे पदरानं पुसले.

"तपकिरी ठिपका मला न्हाई का कळत? इतकी वर्सं हिरवा ठिपका बघूनच लेबल सुलटं लावते मी. तू पिशवीतनं पाकीट काढलंस तवाच दिसला."

गिरिजानं काठी तरीही सोडली नाही.

"मग खाल्लंस कशाला?"

"त्येचं माझं मी स्वामींना सांगीन." आजीनं काठी हलकेच सोडवून घेतली आणि उंबरा ओलांडला. "पर आजचं चालनं त्येच्यासाठी न्हाई गं. माझी नात एकदा पोट भरून खाऊ दे, हसू दे, मंग पायी येते, असा नवस दिवाळीलाच बोलले होते मी त्यांना."