आदर्श कन्या

“आणि अशा मनोरुग्ण बापाला ही एवढीशी पोर आईच्या मायेनं सांभाळते,” मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या, आणि सभागृहभर हळहळ पसरली.

थोरली स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभी होती. आपला सत्कार कशासाठी आहे, हे तिला आत्ता कळलं. वर्गशिक्षिकेनं काल एवढंच सांगितलं होतं, की गणवेशाला इस्त्री कर आणि घरून कुणाला तरी घेऊन ये. आई रुग्णालयाच्या कपडे धुण्याच्या विभागात कामाला. तिला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा बाबा म्हणाले, मी येतो. कित्येक आठवडे ते घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडले नव्हते. गोळ्यांनी हात थरथरतो, म्हणून त्यांनी आज फार सावकाश दाढी केली होती, आणि बस चालवायचे तेव्हाचा त्यातल्या त्यात धड शर्ट घातला होता. आता ते तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

मुख्याध्यापिकांना रंग चढला होता. हा गृहस्थ कधी महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, त्या सांगत होत्या. कधी रात्र रात्र घरभर येरझारा घालतो, स्वतःशीच बडबडतो. पण ही मुलगी कधी हूं की चूं करत नाही. शाळा सुटली की खेळ नाही, मैत्रिणी नाहीत, सरळ घर गाठते. बापाला जेवायला वाढते, गोळ्या देते, धाकट्या बहिणीचा अभ्यास घेते. स्टेजवर बसलेल्या पाहुण्या बाईंनी रुमालानं डोळे टिपले.

यातलं काही खोटं नव्हतं. थोरलीनंच ते सांगितलं होतं. पण वर्गशिक्षिकेला, रिकाम्या वर्गात, दार लोटून घेऊन. आणि हळहळ मिळावी म्हणून तर मुळीच नाही. आईची दुपारपाळी संपेपर्यंत बाबांना एकटं सोडता येत नव्हतं, त्यामुळे धावण्याच्या संध्याकाळच्या सरावाला तिला थांबता येत नव्हतं. माझा सराव सकाळी घ्या, नाहीतर तासभर कुणी घरी येऊन बसेल का ते बघा, एवढंच तिचं मागणं होतं. बाई म्हणाल्या, बघते. मग वरून उत्तर आलं, की एका मुलीपायी वेळापत्रक बदलता येणार नाही आणि घरचे प्रश्न घरीच सोडवायचे असतात. पुढच्याच आठवड्यात धावण्याच्या संघातून तिचं नाव काढलं. शाळेत तिच्याइतकं वेगानं धावणारं दुसरं कुणी नव्हतं.

“म्हणून यंदाची आदर्श कन्या,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि कुणीतरी तिला पाठीवर हात ठेवून वर ढकललं.

पाहुण्या बाईंनी तिच्या हातात ढाल दिली, गालाला हात लावला. टाळ्या थांबेनात. थोरलीनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सगळे वाजवतायत म्हणून बाबाही टाळ्या वाजवत होते. मान मात्र खाली होती.

मुख्याध्यापिकांनी माइक तिच्यापुढे सरकवला आणि दोन शब्द बोल म्हणून सांगितलं.

“माझे बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत,” ती म्हणाली. “त्यांना सगळं ऐकू येतं.”

टाळ्या बंद झाल्या. माना मागे वळल्या, आणि चटका बसावा तशा परत पुढे फिरल्या. कुणीतरी उगाचच खोकललं.

मुख्याध्यापिकांनी घाईघाईनं माइकवर हात ठेवला आणि हसू तसंच ठेवून दबक्या आवाजात म्हणाल्या, “अगं, आम्ही तुझं कौतुकच करत होतो.”

“कौतुक नको होतं, बाई. सकाळची वेळ हवी होती.”

हात माइकवर नीट बसला नव्हता. ते वाक्य पार मागच्या रांगेपर्यंत गेलं.

तिनं ढाल टेबलावर ठेवली आणि ती खाली उतरली. बाबा आधीच उठून दारापाशी पोहोचले होते. पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा दोघं व्हरांड्यात होते.

कसली सकाळची वेळ, बाबांनी विचारलं. घरी तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तिनं आधी टाळाटाळ केली, मग जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. सराव, वेळापत्रक, संघातून काढलेलं नाव. बाबांनी ऐकून घेतलं. औषधांमुळे त्यांचे शब्द हल्ली उशिराच यायचे.

“मला मैदानावर बसता येत नाही,” ते शेवटी म्हणाले, “असं तुम्हा सगळ्यांना कुणी सांगितलं?”

मैदानावर येऊन बसाल का, हे वर्गशिक्षिकेनं कधी त्यांना विचारलं नव्हतं, मुख्याध्यापिकांनी नाही. तिनंही नाही.

बाबा व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. मैदानाच्या कडेला सिमेंटचा कठडा होता, त्यावर ते बसले. कार्यक्रमामुळे मैदान मोकळं होतं, पांढऱ्या आखलेल्या रेषा उन्हात लखलखत होत्या. तू धाव, मी इथंच आहे, ते म्हणाले.

तिनं बूट-मोजे काढून त्यांच्याजवळ ठेवले. पहिला फेरा तिनं नुसत्या रागानं मारला. इस्त्रीचा गणवेश घामानं पाठीला चिकटला. दुसऱ्या फेऱ्यात श्वास लयीत आला आणि पाय आपसूक पडू लागले.

सभागृहातून शिपाई लगबगीनं आला. आत कार्यक्रम चालू आहे, मैदानावर यायला आत्ता परवानगी नाही, त्या मुलीला थांबवा, असं तो म्हणाला. बाबा जागचे हलले नाहीत. तेव्हा त्यानं जरा आवाज चढवून विचारलं, की तुम्ही कोण?

“पालक,” बाबा म्हणाले. वळणावर आलेल्या मुलीवरची नजर त्यांनी काढली नाही.