बोअरमधला खडा

पुंडलिकनगरातला आमचा बोअर आटला, तेव्हापासून आई रोज सकाळी त्यात खडा टाकून पाण्याची चाहूल घ्यायची.

मी क्वांटम संगणकावर कृष्णविवराची नक्कल करते. तिला सांगितलं, "विवर गिळलेलं विसरत नाही, विस्कटून परत सोडतं. फार गिळून झालं की नवं टाकलेलं लगेच बाहेर येतं."

"बोअरचंही तसंच झालंय," आई म्हणाली. "आधी खड्याचा आवाजच येत नव्हता. आता लगेच येतो."

मी नऊशे फूट दोर सोडला. तो कोरडाच वर आला.

मग आईनं खडा उचलला आणि मी पाइपाला कान लावला. खाली 'टप' वाजलं. पाठोपाठ खालूनच आईचा घाबरा आवाज आला, "हिमानी, कान काढ तिथनं!"

मी वळून पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते आणि खडा अजून तिच्या मुठीत होता.