तिसरं कडवं

संध्याकाळच्या उपासनेत मी रचलेलं गीत चालू होतं. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच ऑर्गन थांबला, मागचे आवाजही एकेक करून गळाले. मला वाटलं, माझा गळा ऐकायला सगळे गप्प झालेत. मग काय, मी मान ताठ केली आणि त्या कडव्याची शेवटची ओळ उगाच दोनदा आळवली. गीत देवाच्या स्तुतीचं होतं, पण त्या ओळीत स्तुती माझीच चालली होती.

बायकोने बाही ओढली. "अहो, दिवे गेलेत. कुणालाच पुस्तकातलं अक्षर दिसत नाहीये. पाळक म्हणतायत, तुम्ही एकेक ओळ सांगा, आम्ही मागून म्हणतो."

"म्हणजे आता आंधळ्याने वाट दाखवायची?"

"दाखवा की. एवढी हौस आहे तर."

मी ऐटीत उभा राहिलो. घसा खाकरला. आणि तिसरं कडवं काही केल्या आठवेना! माझ्याच डोक्यातून निघालेलं, मीच हिला सांगून लिहून घेतलेलं, पण आता डोक्यात नुसता शुकशुकाट. अख्खं चर्च माझ्या तोंडाकडे कान लावून बसलेलं. जन्मापासून अंधारात वावरतोय, पण अशी घाबरगुंडी कधी उडाली नव्हती.

शेवटी खाली वाकून बायकोला विचारलं, "अगं, सुरुवात काय आहे?"

तिने हसू दाबत माझ्या कानात सांगितलं, "अंधाराचे भय ना मजला, प्रभो."