निखळलेला पाय

"बाई, ही खुर्ची आहे की झोका?" मिस्त्रीने पाय धरून हलवला. "परत निखळला!"

"मी काय केलं? नुसती बसले होते." गाण्याच्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. थाप मारताना त्या नेहमी चष्मा पुसायच्या.

"अहो, मेपलचं लाकूड आहे हे! खेळाच्या हॉलमध्ये याची जमीन करतात. शंभर पोरं थयथयाट करतात, तरी ढिम्म. आणि तुमच्या वजनानं याचा पाय सुटतो?"

"म्हणजे मी जाडी झालेय म्हणा ना!"

शेजारच्या गाळ्यातला पॉलिशवाला फिस्सकन हसला. "मिस्त्री, पाटी बदला. इथे एकच खुर्ची दर शनिवारी दुरुस्त करून मिळेल!"

मिस्त्रीचे कान लालेलाल झाले. "आज अशी जोडतो, की पुन्हा यायचं नाव नको."

बाईंनी घाईघाईने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

शिकवण्या बंद पडल्यापासून त्यांच्याशी रोज बोलणारं कोण, तर लिफ्ट. 'कृपया दार बंद करा.' 'करते गं बाई.' संपल्या गप्पा! आठवडाभराचं बोलणं साठवून, ती जडशीळ खुर्ची टेकवत टेकवत त्या इथे यायच्या.

मिस्त्री पाठमोरा झाला. गोंदाची बाटली उचलली, पाय भोकात बसवला, दणादण ठोकला.

"झालं. दाट लाकूड, फार गोंद लागत नाही याला. वाळेपर्यंत बसा. चहा घेऊ."

चहाबरोबर मेपलपुराण सुरू झालं. "याला रंग लावू नका कधी. नीट शोषत नाही, चट्टे उठतात. आणि गोरं इतकं, की कशाचाही डाग लपत नाही."

"माझी एक विद्यार्थिनी होती," बाई म्हणाल्या, "लाली, पावडर, अत्तर, सगळं लावायची. फक्त सूर लावायची नाही."

मिस्त्रीला हसता हसता ठसका लागला. बाईंनी कप रिकामा करायला जमेल तेवढा वेळ लावला.

"चला. येते," त्या म्हणाल्या.

"आता कशाला याल?" मिस्त्री रंध्यावरचा भुसा झटकत राहिला. त्याने वर पाहिलंच नाही.

घरी बाई खुर्चीवर बसल्या. पुढे झुकल्या, मागे रेलल्या. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. खोलीही गप्प.

मग त्यांनी कपाटातून हातोडी काढली. लाकडावर वण उठू नये म्हणून तिच्यावर नेहमीचा लोकरी मोजा चढवला. खुर्ची उलटी केली आणि नेम धरायला डाव्या हाताने पाय पकडला.

पाय अलगद हातात आला.

बाईंनी त्याचं टोक दिव्याखाली धरलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टोक गोरंपान होतं. आजच्याच काय, कुठल्याच शनिवारच्या गोंदाचा त्यावर डाग नव्हता.