एकुलता एक श्रोता

राजाने चर्चमधून काढून टाकलेले पाळक म्यूरहेड स्कॉटलंडच्या माळरानावर चोरून उपदेश करत. अशा उपदेशाला शिक्षा फाशीची होती. त्या रविवारी माळावर जातानाच घोडेस्वार मागे लागले, तेव्हा ते आपल्याच जुन्या चर्चमध्ये शिरले आणि मागच्या बाकावर बसले. राजाने नेमलेले नवे पाळक प्रिंगल रिकाम्या बाकांना उपदेश करत होते. सगळा गाव माळावर गेला होता. प्रिंगलनी त्यांना ओळखलं, पण बोलणं थांबवलं नाही.

घोडेस्वारांचा नायक दारातूनच ओरडला, "पाळकसाहेब, म्यूरहेड इकडे आला का हो?"

"इथे? माझं ऐकायला?"

"तेही खरंच. ही माणसं फासावर चढतील, पण तुमच्या बाकावर नाही बसायची. मग हा कोण?"

"माझा श्रोता."

नायक हसतच घोड्यावर बसला.

टापांचा आवाज विरल्यावर म्यूरहेड उठले. "उपकार झाले, बंधू. निघतो आता. माळावर लोक वाट बघतायत."

प्रिंगलनी खाली उतरून दाराला अडसर घातला.

"बसा. उपदेश अजून अर्धाच झालाय," ते म्हणाले. "त्या लोकांची वाट मीपण दर रविवारी बघतो."