गुडघ्याचं दुखणं

"मी गुडघेदुखीमुळं पितो. बाकी मला काही झालेलं नाही," व्यसनमुक्ती केंद्रातल्या बैठकीत निवृत्त हवालदार रंगराव साळोखे ठणकावून म्हणाले. बायकोनं त्यांना जवळजवळ ओढतच आणलं होतं.

समोर बसलेले म्हातारे सुभेदार हसले. "पहिल्या आठवड्यात मी पाठदुखी सांगितली होती. कोण गेलं तुमचं?"

रंगराव उठून दारापर्यंत गेले. कुणी अडवलं नाही.

"दत्ता कांबळे," दाराकडे तोंड करूनच ते म्हणाले. "मला ताप होता म्हणून माझ्या जागी पहाऱ्याला गेला. त्याला गोळी लागली." सोळा वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"या, बसा," सुभेदार म्हणाले. "दत्ता कसा होता, ते सांगा."

रंगराव परत येऊन बसले.

"लई बडबड्या होता, साहेब," म्हणाले, आणि हसता हसता हमसून रडू लागले.