बधिर गाल

बारामतीला अक्कलदाढ काढून वृषाली दुपारी काटेवाडीला घरी आली. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. कापूस चावून धरा, आज चूळ भरू नका, गाल सुजेल, त्याला बाहेरून बर्फ लावा. उजवा गाल अजून बधिरच होता.

सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, तिला खाटेवर निजवलं आणि त्या बर्फ आणायला आत गेल्या.

वृषालीनं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्या बधिर गालावर कुणीतरी अलगद तळहात ठेवला. तिला फार बरं वाटलं.

"आत्या, हात राहू द्या तसाच," ती कापसाआडून पुटपुटली.

"अगं, मी हितं फ्रिजपाशी हाय," आतून आवाज आला.

वृषालीनं डोळे उघडले. खाटेजवळ कुणीच नव्हतं. तिनं ओठाला चिमटा काढला, तो कळला नाही. गालावरचा हात मात्र कळत होता.

"आत्या!"

द्वारकाबाई लगबगीनं आल्या. "भिऊ नगं, बाळा. इंजेक्शनानं असं व्हतं," असं म्हणत त्यांनी फडक्यात बांधलेला बर्फ तिच्या गालाकडं नेला.

गाल अजून बोटभर लांब होता. तेवढ्यात बर्फ कशाला तरी टेकला, आणि ज्याला टेकला ते गारठ्यानं शहारलं.